पाणी न पिणारे सेक्रेटरी

त्यांनी पाच-सहा वर्षांत आमच्या गावचं पाणी एकदाही घेतलं नाही. हे आधी लिहिते, कारण त्यांचा विषय निघाला की गावात अजूनही पहिल्यांदा हेच बोलतात.

ते आमच्या ग्रामपंचायतीचे सेक्रेटरी. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. पंचायतीचं ऑफिस म्हणजे चावडीला लागून एक खोली, त्यात टेबल, लाकडी कपाट आणि सभासदांना बसायला एक लांब ताटपट्टी. सेक्रेटरीसाहेबांकडे दोन गावं होती. राहायचे पलीकडच्या गावात, आणि सोमवारी व गुरुवारी सायकलवर आमच्याकडे यायचे. अंगात काळा कोट. वैशाखाच्या उन्हातही कोट. सायकलच्या दांड्याला फिरकीचा पितळी तांब्या सुतळीनं बांधलेला. दिवसभर तेच पाणी पुरवून पुरवून प्यायचे.

कोणी म्हणे जातीचा ताठा आहे, कोणी म्हणे पोटाचा विकार आहे. सरपंचांनी एकदा तोंडावरच विचारलं, "काऊन सायेब, आमच्या विहिरीत किडे पडले काय?"

"विहीर चांगली आहे," ते म्हणाले. "पण आज पाणी घेतलं की उद्या चहा येतो. चहा घेतला की परवा पान. पान खाल्लं की माणूस म्हणतो, साहेब, तेवढी तारीख मागची टाका."

"आमी तसे दिसतो काय?"

"तुम्ही नाही दिसत. मीच तसा आहे. मला कोणाला नाही म्हणता येत नाही. म्हणून पाण्यापासूनच नाही म्हणतो."

सरपंच हसले. मला हसू आलं नाही. मलाही कोणाला नाही म्हणता येत नसे, पण त्याला असा काही उपाय असतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

एका उन्हाळ्यात त्यांची सायकल शेळीनं पाडली आणि तांब्या लवंडला. ते जन्ममृत्यूच्या नोंदी घेत घरोघर फिरत होते. माझ्या ओट्याशी आले तेव्हा ओठ पांढरे पडले होते. घरात माठ काठोकाठ भरलेला. मी दाराआड उभी राहून पोरीच्या जन्माची तारीख सांगितली. पाण्याचं विचारायला जीभ उचलली नाही. विचारलं असतं तर त्यांनी घेतलंही नसतं, पण विचारायला तर हवं होतं. ते सायकल हातात धरून गेले, आणि त्या दुपारी मलाही घोट उतरेना.

पंचायतीत बायांना जागा असावी असा कायदा होता, म्हणून मी तिथे पोचले. आमच्या गावात दोन पार. वरच्या पारावर बसणारा माणूस खालच्या पारावर तंबाखूसुद्धा मळायचा नाही. नऊ सभासदांत चार वरचे, चार खालचे. खालच्यांत पारबताबाई होत्या. कपाळ मोठं, आवाज त्याहून मोठा. नवव्या जागेवरून दोन्ही पारांचं महिनाभर भांडण चाललं आणि शेवटी माझं नाव दोघांनीही कबूल केलं. वरच्या पाराचे सरपंच ह्यांना म्हणाले, "तुह्यी बायको बरी. ना आमची, ना त्यायची. गपचिप बशीन." ह्यांनी मान डोलावली आणि मी सभासद झाले.

पहिल्या सभेला गेले तर ताटपट्टीवर गेरूनं आकडे काढलेले. एक ते नऊ. एकवर वरच्या पाराचा, दोनवर खालच्या पाराचा, तीनवर परत वरचा, असे. सरपंच चिडले. "शाळा हाय काय हे?"

"शेजारी विरोधक बसला की कुजबूज ऐकू जाते," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. "मग कोणी कुजबुजत नाही."

नऊ नंबर माझा, कपाटापाशी.

ठराव लिहून झाला की ते मोठ्यानं वाचत. वाचून झाला की आठही जणांना सोडून माझ्याकडे वळत. "बाई, समजला का?" पहिल्या वेळी मी खाली पाहत राहिले. ते थांबले. भिंतीवरची पाल आढ्यापर्यंत जाऊन परत आली तरी ते थांबलेलेच.

"सायेब, लिहा ना पुढं," सरपंच म्हणाले. "तिले काय समजते?"

"बाईंचं शिक्षण चौथी. निम्म्या गावाचं तेवढंही नाही. त्यांना समजला नाही तर ठराव गावाचा नाही, माझ्या एकट्याचा." असं म्हणून त्यांनी पट्टी ठेवून अख्ख्या ठरावावर सरळ रेघ मारली. तो ठराव सांडपाण्याच्या निर्गमनासंबंधी उचित उपाययोजनेचा होता. त्यांनी परत लिहिलं: मारुतीच्या देवळापासून ओढ्यापर्यंत नाली खोदायची. ज्याच्या दारावरून जाईल त्यानं अडवायची नाही. मी मान हलवली.

खालच्या पाराचे पुढारी किसनआप्पा म्हणाले, "हे होतं व्हय त्याच्यात? मले वाटलं, कोनी मेलं."

त्या दिवसापासून प्रत्येक ठरावाला माझी मान लागायची. बोलायचं काम नव्हतं. मान झाली की मग सगळ्यांनी हात वर करायचे. त्यात मात्र ते सवलत देत नसत. "मुका होकार मी लिहीत नाही. हात दिसला पाहिजे." पदराखालून माझा हात बोटभर वर यायचा. तेवढा त्यांना दिसायचा.

आणखी किती तरी गोष्टी होत्या त्यांच्या. पंधरा ऑगस्टला गावानं त्यांच्यासाठी हार आणला तर त्यांनी तो ठरावांच्या रजिस्टरला घातला आणि आपण बाजूला उभे राहिले. रागावले की त्यांचं लिहिल्यासारखं बोलणं सुटून त्यांच्या गावाकडचं, दुसरबीडकडचं बोलणं बाहेर यायचं. मग तेच ओशाळायचे आणि कोटाची बटणं लावायचे. बटणं आधीच लावलेली असायची. वर्तमानपत्र मेहकरहून एसटीनं यायचं, तेही शिळं. ते शेवटच्या पानापासून वाचत पुढे येत. म्हणायचे, पहिल्या पानावर लोक ओरडतात, शेवटच्या पानापर्यंत जरा दमलेले असतात.

त्याच वर्तमानपत्रात त्यांना ती बातमी मिळाली. पंचायतीची मुदत संपत आली होती, निवडणूक दोन-तीन महिन्यांवर होती. त्यांनी सभेत कागद उघडून वाचलं. दिल्लीत सरकारच्या बाजूचे आणि विरोधातले, दोन्हीकडचे खासदार उठून एकच बोलले होते. परदेशातल्या कोणी आपल्या निवडणुकीत पैसा ओतू नये, त्याला कायद्यानं आळा घाला, असं.

"एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत," सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "पण या गोष्टीला दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. भांडण आमचं आहे, तुम्ही मध्ये पडू नका, असं म्हणाले."

"दिल्लीले परदेस हाय," सरपंच म्हणाले. "आपल्याले कुठचा परदेस आला?"

"ओढ्याच्या पलीकडे गेलं की आपला परदेश."

सगळे खो खो हसले. आठ दिवस गावात तीच मस्करी. बाजाराला निघालेल्या माणसाला विचारायचे, "काय बावा, परदेसले चालला काय?" सेक्रेटरीसाहेबांनी कागदाची घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्यांनी तो फेकला नाही.

मग जीप आली.

जीप एका कापसाच्या सेठची होती. सेठ माझ्या माहेरचा, पिंपळगाव राजाकडचा. त्याला आमच्या गावचं सडकेलगतचं गायरान जिनिंगसाठी हवं होतं. सगळ्या गावाची गुरं तिथे चरत. ते द्यायचं तर पंचायतीचा ठराव पाहिजे, आणि चालू पंचायत तो करणार नाही हे त्याला कळलं होतं. म्हणून त्यानं येणाऱ्या पंचायतीत हात घातला.

आणि ती जीप चालवत होता माझा धाकटा भाऊ वसंता. आमच्या घराण्यात मोटारीच्या चाकाला हात लावणारा तो पहिला. खाकी सदरा घालून तो जीपमधून उतरला तेव्हा मला वाटलं, माझं माहेरच चार चाकांवर बसून दारात आलं. खरं सांगायचं तर मला फार मिरवावंसं वाटलं. मिरवता येत नाही म्हणून मी नुसती ओटा झाडत राहिले.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, जवळ आली होती. वसंतानं माझ्या हातात लुगडं ठेवलं. हिरवं, लाल काठाचं. "सेठजीनं देल्लं ताई. म्हने, ड्रायव्हरची बहीन ते माही बहीन. आन् तुह्या गावातल्या चार घरच्या बाया बी बहिनीच."

माहेरचं लुगडं कोणती बाई परत करते? ज्यानं ते दिलं तो भाऊ झाला, आणि भावाच्या शब्दाबाहेर जायचं नसतं. सेठला हे बरोबर माहीत होतं. वरच्या पाराच्या घरांतली लुगडी वसंतानं दिली. सगळ्या बाया हरखल्या.

पण सेठची एक चूक झाली. पुरुष दोन पारांवर बसतात, बाया मात्र एकाच विहिरीवर धुणं धुतात, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आखाजी झाल्यावर मी ते लुगडं पिळत होते आणि पारबताबाई समोर आपलं आपटत होत्या. त्या एकदम थांबल्या.

"काय वं, हे कुठचं लुगडं?"

मी खालच्या आवाजात म्हटलं, "माहेरचं. भावानं आनलं."

त्यांनी आपलं लुगडं पसरून दाखवलं. तोच हिरवा, तोच लाल काठ, कोपऱ्यात त्याच दुकानाचा शिक्का. "मले तं भाऊच नाही बाई. सेठचा मानूस आला, म्हने सेठनं तुले बहीन मानलं. म्या म्हनलं, चला, म्हातारपनी भाऊ भेटला." त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "म्हंजे त्यानं दोन्ही पार बहिनी केले व्हय?"

पुढच्या सभेत पारबताबाईंनी दोन्ही लुगडी टेबलावर पसरली. माझं मागून नेलं होतं. मी दिलं होतं, एवढाच माझा भाग.

"पाहा," त्या म्हणाल्या. "हे वरच्या पाराले वाटलं त्यातलं, हे खालच्या पाराले वाटलं त्यातलं. आता सांगा, सेठ कोनाचा?"

सरपंच तांबडे झाले. "माह्या घरी येऊन म्हने, तुमच्याशिवाय या गावात मानूस नाही. माह्या गाड्या घ्या, जेवनावळी मी घालतो, सरपंच तुमीच."

"मले बी तेच म्हने!" किसनआप्पा उठलेच. "शब्द बी तेच! सरपंच तुमीच!"

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. त्या दोघांना एकाच गोष्टीचा राग आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. सेक्रेटरीसाहेबांनी आतल्या खिशातला तो शिळा कागद काढून लुगड्यांच्या मध्ये ठेवला. कोणी परदेशावरून हसलं नाही.

ठरलं असं: ज्याचं नाव आपल्या गावच्या मतदार यादीत नाही, त्याची गाडी, जेवण, कापड, पैसा कोणत्याच पारानं निवडणुकीत घ्यायचा नाही. घेतला तर दोन्ही पारांनी मिळून तो परत न्यायचा. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, नोटीस काढून सोमवारी रीतसर ठराव घेऊ. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवली. "एरवी बहुमत चालतं. इथे चालणार नाही. या ठरावाच्या मागे कायदा नाही, फक्त लाज आहे. लाज नऊच्या नऊ लागते. एक जरी सुटला तरी सेठ त्या भोकातून आत येईल."

शनिवारी वसंता एकटाच जीप घेऊन आला. चहा घेतला नाही. ओट्यावर बसून किल्ली बोटात फिरवत राहिला.

"ताई, सेठजीले समजलं. मले म्हने, तुह्या बहिनीले सांग, हात वर करू नको. तिचा एक हात खाली राह्यला तं सारं फसते. अन् केला तं तू जीपच्या खाली उतर."

मी झाडलेला ओटा परत झाडू लागले.

"आई म्हनून राह्यली, एवढं बी नाही केलं तं पोरीनं कोन्या तोंडानं यावं घरी." तो मान खाली घालून म्हणाला, "मी नाही म्हनत बरं ताई. आई म्हनते. तू फक्त हात वर करू नको. बास. वचन दे."

मला नाही म्हणता येत नाही हे मी वर लिहिलंच आहे. मी वचन दिलं.

तो गेला नव्हता तोच सेक्रेटरीसाहेब सायकलवरून उतरले. त्यांचा वार नव्हता, पण नोटीस ते शिपायाकडून कधी पाठवत नसत, स्वतः आणून सही घेत. त्यांनी जीप पाहिली, वसंताला पाहिलं. वसंतानं जीप सुरू केली आणि निघून गेला. मी नोटीस जात्यावर ठेवून सही केली. मग माझ्या तोंडून निघालं. कसं निघालं मला माहीत नाही.

"सायेब, सोमवारी मी आली नाही तं?"

"तर आठ होतील."

"अन् आली, पन हात वर नाही केला तं?"

ते धुरळ्यात उठलेल्या चाकांच्या खुणांकडे पाहत होते. सहीचा कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "तुमचं अक्षर बरं आहे, बाई." आणि गेले.

मला फार राग आला. माझं माहेर जायची वेळ आली होती आणि हा माणूस माझं अक्षर पाहत होता.

सोमवारी मी गेले. खोली भरली होती, बाहेरही माणसं उभी. सेक्रेटरीसाहेबांनी ठराव वाचला. सरपंचांना तेवढ्यात पळवाट सुचली की नुसती मस्करी, देव जाणे. ते म्हणाले, "परगावच्यानं हात घालायचा नाही म्हनता, मंग या दोघी? दोघीही परगावच्याच. लग्नानं आल्या."

पारबताबाई वळल्या. "अन् तुमची माय कोन्या गावची होती, सरपंच? तुमी तं अर्धे परदेसच हा मंग."

बाहेर हशा पिकला. सरपंचही हसले. सेक्रेटरीसाहेबांनी टेबलावर पट्टी आपटली. "ठरावात लिहिलं आहे. ज्याचं नाव यादीत, तो गावचा. या दोघींची नावं यादीत आहेत. यादीत नाव नाही असा या खोलीत एकच माणूस आहे." ते थांबले. कोटाची बटणं लावली, ती लावलेलीच होती. "मी. माझं नाव दुसऱ्या गावात आहे. तेव्हा गावची मतं पडताना मी आत बसणं बरोबर नाही."

त्यांनी तांब्या उचलला.

"अहो सायेब!" किसनआप्पा ओरडले. "मंग लिहीन कोन?"

"बाई लिहितील. ना या पाराच्या, ना त्या पाराच्या. अक्षर बरं आहे."

त्यांनी रजिस्टर उचलून माझ्यापुढे ताटपट्टीवर ठेवलं, दौत ठेवली, टाक माझ्या हातात दिला आणि बाहेर उन्हात जाऊन खिडकीशी उभे राहिले. तिथून आत न बघता, पाठ करूनच सांगितलं, "जो हात वर करील त्याचं नाव लिहायचं. लिहिणाऱ्यानं हात वर करायचा नाही, शाई सांडते. त्यानं पटत असेल तर आपलं नाव लिहायचं. नसेल पटत तर ओळ कोरी सोडायची."

सरपंचांनी हात वर केला. मी त्यांचं नाव लिहिलं. मग किसनआप्पा. मग एकेक. पारबताबाईंनी दोन्ही हात वर केले, मी नाव एकदाच लिहिलं. आठ नावं झाली. नववी ओळ राहिली.

टाक थांबला. वचन तर पाळलं होतं मी, माझा हात कागदावर होता. ओळ कोरी सोडली असती तरी कोणी मला दोष दिला नसता. सेक्रेटरीसाहेबांनी तर तेही सांगून ठेवलं होतं. मला वसंताची खाकी बाही दिसत होती, आणि आईच्या घराची चौकट. आणि खिडकीत त्यांची कोटातली पाठ, घामानं मध्ये भिजलेली. मला तो उन्हाळ्यातला दिवस आठवला. घरात माठ भरलेला होता आणि मी दाराआड उभी राहिले होते.

मी माझं नाव लिहिलं. पूर्ण, ह्यांच्या नावासकट.

"बाई," खिडकीतून आवाज आला, "समजला का ठराव?"

पाच वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा तोंडानं बोलले. "समजला."

त्या संध्याकाळी वसंतानं जीप ओढ्याच्या अलीकडे आणली नाही. मी त्या बाजूला गुरांना आणायला गेले होते. तो बांधावर येऊन म्हणाला, "ताई, हात वर केला काय?"

"नाही. साऱ्या गावाले इचार."

त्यानं विचारलंही. सगळ्यांनी खरं तेच सांगितलं. हात आठच वर झाले होते. सेठनं त्याला म्हटलं म्हणे, मग नऊ कसे झाले? वसंता म्हणाला, मले नाही समजलं सेठजी, मी गाडीत होतो. सेठ थोडे दिवस चिडला, मग सडकेवरच पुढे दुसरी जागा मिळाली तिकडे वळला. जीप वसंताकडेच राहिली.

तरी राखीपर्यंत माझा जीव टांगलेलाच होता. तो एसटीनं आला. एक खणाचा तुकडा पुढे केला. रंग जरा उडालेला. "हे माह्यं हाय ताई. सेठचं नाही." मी राखी बांधली. मग हळूच म्हणाला, "मले तवाच समजलं होतं. लोक म्हने, टाक तुह्या हातात होता. म्या आईले काही सांगतलं नाही. बरंच झालं एक. मले बी सेठच्या त्या कामातून तसंच सुटायचं होतं." आणि दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या. तो जेवत असताना मी चुलीकडे तोंड करून बसले होते. डोळे पुसायला ते बरं पडतं.

निवडणूक झाली. दोन्ही पार भांडले, शिव्या दिल्या, एकमेकांच्या बैलगाड्या अडवल्या. पण गाड्या गावच्याच होत्या. किसनआप्पांचे एक मेहुणे प्रचाराला आले तेव्हा दोन्ही पारांची माणसं मिळून ओढ्यापर्यंत गेली, त्यांना तिथेच चहा पाजला आणि परत पाठवलं. गायरान अजून आहे.

सेक्रेटरीसाहेबांची बदली पुढच्या वर्षी झाली. चार्ज दिला त्या दिवशी ते नव्या माणसाला ताटपट्टीवरचे आकडे गेरूनं परत ठळक करून दाखवत होते, असं पारबताबाईंनी सांगितलं. दुपारी सायकल माझ्या ओट्याशी थांबली. दांड्याला तांब्या बांधलेला होता, पण फिरकी उघडी होती आणि तो रिकामा होता.

"बाई," ते म्हणाले, "आता मी तुमचा सेक्रेटरी नाही."

मी दाराआड गेले नाही. विचारलंही नाही. माठातलं पाणी गडवाभर आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कोटाची बटणं काढली, सगळी, आणि ओट्यावर बसून ते एका दमात प्यायले. गडवा खाली ठेवला. मिशीचं पाणी पुसलं.

"अजून आहे का?" त्यांनी विचारलं.

"लय हाय," मी म्हटलं.